रिकाम्या सेलचं काय करायचं

झटका असा काही मोठा नव्हता. उचकी लागावी तेवढाच. सातव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट पाचवा ओलांडून चौथ्याकडे जाता जाता मधेच थबकली, अंग चोरल्यासारखी एकदा शहारली आणि गप्प झाली. वरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. दिवा मात्र राहिला, तोही उपकार केल्यासारखा.

"चौथा आला?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग थांबली कशाला?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

"तूच ना लिफ्टवाल्यांच्यात कामाला? मी खाली बाकावर सगळ्यांना सांगतो, आमची पोरगी चारशे लिफ्टा सांभाळते म्हणून."

चारशे बारा. पण ती सांभाळत वगैरे काही नव्हती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायची आणि कंप्यूटरवर त्या चारशे बारांचं दर महिन्याचं शीट तयार करायची. एका लिफ्टला एक ओळ. ओळीत बारा महिन्यांचे बारा सेल, म्हणजे बारा चौकटी. प्रत्येक सेलमध्ये एकच आकडा: मजल्यावर थांबल्यावर लिफ्टचा तळ आणि बाहेरची फरशी यांच्यात किती मिलिमीटरचा फरक पडतो तो. मेकॅनिकने जायचं, पट्टी लावायची, आकडा लिहून आणायचा. आणि तेराव्या सेलमध्ये तिची करामत. बारा आकडे निवडायचे, रेघ कुठल्या सेलमध्ये बसवायची ते सांगायचं, की त्या नखाएवढ्या चौकटीत त्या लिफ्टच्या वर्षाची एक बारीक वळवळती रेघ उमटायची. मग त्या सेलचा कोपरा पकडून खाली ओढत न्यायचं, आणि एका दमात आणखी चारशे अकरा रेघा. ऑफिसात पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मोठे साहेब खुर्चीवरून उठले होते. "हे काय, सुरवंट सोडलेत?" म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिचं नाव सुरवंटबाई पडलं ते पडलंच. शीटमध्ये इतके सुरवंट झाले की एकदा म्हणे तिच्या कंप्यूटरच्या मागे फुलपाखरू सापडलं. शिपाई हे शपथेवर सांगायचा, आणि शिपाई शपथा जपून घेणारा माणूस होता.

तिने धोक्याच्या घंटेचं बटण दाबलं. खाली कुठेतरी, विहिरीच्या तळाशी वाजावी तशी घंटा वाजली. मग वॉचमनचा आवाज आला, "कोण आहे आत?" "आम्ही, सातव्यावरचे!" "अडकलाय का?" "अडकलो नसतो तर आत असतो का?" बाबा ओरडले. "बरं बरं. कंपनीला फोन करतो. आलोच!" आणि पायांचा आवाज लांब लांब गेला.

आलोच. हा शब्द कुणीही म्हटला की ती अजून दाराकडे बघायची. उगाच. तो शब्द म्हणजे पाठ, शर्टाची इस्त्री मोडलेली पाठ, आणि हातात लहानशी कापडी पिशवी. ती अकरा वर्षांची होती. बाबा दारात चपला घालत म्हणाले होते, आलोच, आणि चार वर्षांनी आले. मधे पत्र नाही, निरोप नाही, कुणाच्या तोंडी खबर नाही. आले ते दुपारी, ती गणितं सोडवत बसली होती तेव्हा. अंगाला वेगळ्याच साबणाचा वास, पट्ट्याचं बक्कल नवं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं, कोपऱ्यावर पाव आणायला गेलेला माणूस परत यावा तसं बघितलं, आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या. वाढते." एवढंच. त्यांनी हात धुतले. आईने वाढलं. तिने गणित पुढे सोडवलं, उत्तर चुकलं, पण तेही कुणी तपासलं नाही.

"गरम होतंय," बाबा म्हणाले. ऐंशीला दोन कमी. लिफ्टच्या मागच्या पत्र्याला पाठ टेकून ते हळूहळू खाली सरकले आणि बूड टेकून बसले. डावा हात मांडीवर जपून ठेवला. गेल्या वर्षी मनगट मोडलं होतं, तेव्हापासून तो हात ते दुसऱ्याचा असल्यासारखा सांभाळायचे. "बस तूही. उभं राहून लिफ्ट लवकर हलते असं काही नाही."

ती बसली नाही. दुपारी तीनला बैठक होती, आणि बैठकीत तिचं शीट भिंतीवर दाखवलं जाणार होतं. गेले दोन आठवडे साहेब त्याच एका गोष्टीवर होते: रेघा बघा. सगळ्या सपाट. लिफ्टा ठणठणीत आहेत, मग दर महिन्याला माणूस कशाला पाठवायचा? तीन महिन्यांनी एकदा पुरे. निम्मे मेकॅनिक कमी करता येतात. पहिलं नाव ग्रीसमामांचं होतं. ग्रीसमामा म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, ज्याच्या नखांतलं काळं निवृत्तीनंतरही जाणार नाही असं सगळे म्हणायचे, आणि ज्याच्या वहीत सगळ्यात जास्त मोकळ्या जागा असायच्या. बाकीच्यांच्या वह्या भरलेल्या. मामांच्या मोकळ्या. म्हणजे काम कमी, असा सरळ हिशोब. आज तीननंतर ते लेखी होणार होतं. आणि त्या बैठकीत साहेब तिच्याकडे बोट करून म्हणणार होते, ही सगळी सुरवंटबाईंची कमाल. गेले दोन आठवडे तिला हे आठवून छान वाटत होतं. छान वाटत होतं आणि झोप लागत नव्हती, दोन्ही एकदमच, आणि ती म्हणत होती की उशी बदलायला हवी.

तिने इकडे तिकडे बघितलं. बघायला होतं काय? आरसा, त्यात एक सेहेचाळीस वर्षांची बाई, पर्स छातीशी धरलेली. बटणांच्या दोन रांगा, त्यातलं तीनचं बटण कुणीतरी सिगारेटने भाजलेलं. आणि बटणांच्या वर, तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर, तिच्याच कंपनीचा स्टिकर. तो तिने रोज बघितला होता, म्हणजे कधीच बघितला नव्हता. कोपरा उचकटलेला, त्यावर पेनाने लिहिलेला नंबर: सी-११८. शीटमध्ये पत्ते नसतात, फक्त नंबर असतात. चारशे बारा नंबर. पण रेघा तिला पाठ होत्या, शिक्षिकेला पोरांचे चेहरे पाठ असतात तशा. सी-११८. डोळे मिटायचीही गरज पडली नाही. चार, पाच. मग रिकामा, रिकामा, रिकामा, रिकामा. मग पाच, चार, पाच आणि तसंच पुढे. आणि तेराव्या सेलमध्ये एक सपाट, झोपलेली, गुणी रेघ.

रिकाम्यांवरून रेघ कशी गेली? तिनेच नेली होती. पहिल्या शीटमध्ये रेघा तुटक होत्या. जिथे आकडा नाही तिथे रेघ नाही, मधे पांढरं, मग पुन्हा रेघ. साहेबांनी कागद हातात धरून नाक मुरडलं. "हे काय? दात पडल्यासारखं दिसतंय. प्रिंटर खराब आहे का?" ती म्हणाली, नाही साहेब, तिथे आकडे नाहीत. "मग करा काहीतरी. भिंतीवर लावायचंय." तिने जागेवर येऊन खटपट केली, तर कंप्यूटरच्या आत खोल कुठेतरी एक खिडकी उघडली, आणि तिच्यात तो प्रश्न होता, इतका साधा की जणू भाजीवाला विचारतोय पिशवी देऊ का: रिकाम्या सेलचं काय करायचं? मोकळे सोडा. शून्य धरा. नाहीतर दोन्हीकडचे बिंदू रेघेने जोडा. तिने तिसऱ्यावर टिचकी मारली. सगळ्या तुटक रेघा डोळ्यांसमोर सांधल्या गेल्या. एक खड्डा राहिला नाही. तेव्हा तिला जे वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते शीटच्या मानाने फारच मोठं होतं. छातीतली एक जुनी शिवण बसल्यासारखं वाटलं होतं.

आठवड्याने ग्रीसमामा टेबलाशी आले होते. कागदावर काळं बोट न टेकवता, वरच्यावर फिरवत म्हणाले, "बाई, मी इथं काही लिहिलं नव्हतं."

"हो मामा, ते जोडलंय. दिसायला बरं दिसतं."

"मी मुद्दाम नव्हतं लिहिलं. दिवसाला आठ लिफ्टा देतात. नीट बघायच्या तर पाच होतात. उरलेल्या तीनचं मी खोटं कसं लिहू? पोरं लिहितात मागच्या महिन्याचं बघून. मला नाही जमत. म्हटलं, रिकामं दिसलं तर कुणी विचारेल तरी, का रे बाबा रिकामं?"

"साहेबांना सांगा ना मग."

"साहेब भिंत बघतात," मामा म्हणाले. "आणि भिंतीवर तुम्ही आहात." त्यात राग नव्हता. राग असता तर तिने भांडून मोकळं केलं असतं. ते गेले, आणि कागदाच्या कडेला नुसता ग्रीसचा वास राहिला, तो दोन दिवस गेला नाही.

आता लिफ्टच्या दोऱ्यांमध्ये कुठेतरी वर करकर झालं. ती पत्र्याला चिकटली. "काही नाही," बाबा म्हणाले, "जांभई देतेय." पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. चार, पाच, रिकामा, रिकामा, रिकामा, रिकामा. ती बोटांवर महिने मोजायला लागली. एकदा मोजले. पुन्हा मोजले, उलट बाजूने, कारण पहिलं उत्तर तिला नको होतं. बाबांचं मनगट मोडलं तो महिना. आपण ऑफिसातून धावत आलो तेव्हा ते याच लिफ्टच्या दारात खाली बसले होते, चौथ्या मजल्यावरची बाई त्यांना पाणी पाजत होती. रिकाम्यांतला तिसरा.

"बाबा."

"हं."

"तुम्ही पडलात तेव्हा. लिफ्ट नीट थांबली होती का?"

"कुठली नीट! वर थांबली होती. एवढी." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांपासून लांब केली. चार बोटं मावतील एवढं अंतर. "मला वाटलं जमीन आहे, तर जमीन खाली. आदल्या आठवड्यातही तसंच चाललं होतं. मी काठीनं चाचपून उतरायचो. त्या दिवशी हातात पाव होता."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?" बाबा म्हणाले. "तू मला डायरेक्ट चष्म्याच्या दुकानात नेलंस."

हे खरं होतं. नवा चष्मा, महागातला. लक्ष कुठे असतं तुमचं, असं ती दुकानदारासमोर बोलली होती, आणि बाबा समोरच्या पाटीवरची अक्षरं मुकाट वाचत होते, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत, एकही चूक न करता. दुकानदार म्हणाला होता, नजर ठीक आहे हो आजोबांची. तरी तिने चष्मा घेतला. काहीतरी करायला हवं होतं. आणि दोनच महिन्यांनी ती जागेवर बसून सी-११८च्या त्याच चार खड्ड्यांवरून रेघ ओढत होती, सरळ, गुळगुळीत. त्या रेघेखाली बाबा पडलेले होते. पाव हातात घेऊन.

तिला बसावंसं वाटलं. ती बाबांच्या शेजारी खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तिथे, इतक्या जवळून, तिला त्यांच्या साबणाचा वास आला. आता घरचाच साबण, तिनेच आणलेला. पण मन कुठलं ऐकतं. ते गेलं चौकटीकडे. जुन्या घराच्या मधल्या दाराच्या चौकटीवर बाबा दर वाढदिवसाला तिला उभं करायचे, डोक्यावर पुस्तक ठेवायचे आणि पेन्सिलने रेघ मारायचे. रेघेशेजारी वय. सहा, सात, आठ. अकरापर्यंत. मग चार वर्षं लाकूड कोरं. परत आल्यावरच्या वाढदिवसाला त्यांनी तिला पुन्हा उभं केलं. पंधराची रेघ मारली. मग ते मागे सरकून बघत राहिले. अकरा आणि पंधराच्या मधे हातभर रिकामं लाकूड. ती बाजूला उभी होती. ते पुढे झाले, आणि त्याच पेन्सिलने, अंदाजाने, तीन रेघा मारल्या. शेजारी लिहिलं: बारा. तेरा. चौदा. अक्षर सुबक होतं. आई मागून जाता जाता थांबली, बघितलं, आणि पदराने उगाचच चौकटीवरची धूळ पुसल्यासारखं केलं, रेघा पुसणार नाहीत अशा बेताने. पाहुणे यायचे, म्हणायचे, वा, किती नेमाने मापं घेतलीत. बाबा म्हणायचे, हो, एक वर्ष चुकवलं नाही. आणि ती पंधरा वर्षांची मुलगी पाहुण्यांना पाणी द्यायची.

वरून घण पडल्यासारखा आवाज झाला आणि मग एक ओळखीचा खोकला. "आत कोण आहे?"

"मामा! मी आहे!"

"सुरवंटबाई? अरे वा. तुमच्या रिपोर्टात तर ही लिफ्ट अगदी सरळ आहे हो."

बाबा खदखदून हसायला लागले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण टोमणा कसा बसतो ते त्यांना ऐकून कळायचं. वरचं चाक हाताने फिरवून लिफ्ट चौथ्यावर आणेपर्यंत अर्धा तास गेला. दार उघडलं तेव्हा लिफ्ट फरशीच्या वर वीतभर होती. मामांनी बाबांना काखेत धरून उतरवलं, मग तिला हात दिला. हातभर ग्रीस लागलं. "बंद ठेवतो ही," ते म्हणाले. "सुटा भाग मिळेपर्यंत कुणी चढायचं नाही. साहेब काही म्हणोत. माझा तसाही आज शेवटचा दिवस आहे म्हणतात." आणि कुलूप शोधायला निघून गेले. बाबा खाली जाऊन त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसले, आणि आज त्यांच्याकडे सांगायला मालही होता. संध्याकाळपर्यंत लिफ्ट नवव्या मजल्यावरून सुटली होती आणि त्यांनी ती दाताने धरली होती.

ऑफिसात ती पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. ग्रीसचा हात तिने धुतला नाही. विसरली म्हणा, नाहीतर काही म्हणा. शीट उघडलं. आत खोल जाऊन ती खिडकी शोधली. रिकाम्या सेलचं काय करायचं? तिने पहिल्यावर टिचकी मारली, आणि चारशे बारांतल्या दीडशेच्या वर रेघा एका क्षणात तुटल्या. गोळी लागलेल्या पाखरांचा थवा पडावा तसं दिसलं. शेजारचा कारकून वाकून म्हणाला, "अहो बाई, बिघडलं की! मागं घ्या, मागं घ्या!" मागे घ्यायला एकच टिचकी पुरली असती. दुपारी तीनपर्यंत तिचं बोट माऊसवर होतं. जेवायला ती उठली नाही. एकदा तर तिने जोडलंसुद्धा, खरंच जोडलं, पाच मिनिटं ती सपाट शिवण बघत बसली, आणि मग सी-११८वर नजर गेली आणि पुन्हा उसवलं.

तीनला भिंतीवर शीट आलं. साहेब बघत राहिले. "दात पुन्हा पडले?"

"पडलेलेच होते साहेब. मी कवळी बसवली होती."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. तिने सांगितलं की जिथे पांढरं आहे तिथे कुणी गेलंच नाही. जिथे एकही पांढरं नाही, त्यातल्या कितीतरी ओळींत लागोपाठ तोच आकडा आहे, ते कसं ते त्या वह्यांना विचारा. आणि ज्याच्या वहीत मोकळं जास्त, तो एकटाच खरं लिहितोय. मग सी-११८ची ओळ दाखवली. "या खड्ड्यात माझे वडील पडले," ती म्हणाली. "मी त्याच्यावरून रेघ मारली. चूक माझी आहे. प्रिंटरची नाही."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडत लावत होते. दर महिन्याची तपासणी तूर्त राहू दे, म्हणाले. मामांच्या कागदावर सही झाली नाही. "पण पुढच्या महिन्यापासून शीट दुसरं कुणीतरी करेल," तेही त्याच दमात म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता भिंतीवर शीट दाखवणारा प्रोजेक्टर बंद केला. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आलोच म्हणून गेलेली ती पाठ काही तेवढ्याने डोळ्यांसमोरून गेली नाही. उलट जास्तच दिसायला लागली. म्हणजे दुखणं शीटचं नव्हतंच.

संध्याकाळी लिफ्टच्या दारावर पाटी होती, मामांच्या अक्षरात: बंद. बाबा बाकावरून उठून आले. सात मजले. "चल," म्हणाले, "मी काय म्हातारा आहे का?" पहिल्या मजल्यावर त्यांनी वॉचमनची नक्कल केली. दुसऱ्यावर गप्प झाले. तिसऱ्याच्या वळणावर, जिथे खिडकी नाही आणि दिवा बटण दाबल्यावर जेमतेम मिनिटभर जळतो, तिथे पायरीवर बसले. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ती समोर उभी राहिली. तिला कळत होतं की आता बोललं नाही तर चौथा येईल, मग पाचवा, मग घर, मग वाढायचं.

"बाबा, ती चार वर्षं तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी वर बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, घातला नाही. "आईनं पाठवलं का विचारायला?" असं विचारलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, हे दोघांनाही माहीत होतं. वर कुणाच्या तरी दाराची कडी वाजली.

"रोज दाढी करताना उत्तर तयार करायचो," ते म्हणाले. "म्हटलं आज विचारेल. तुझी आई नाही तर तू. कुणीच विचारलं नाही. वाढते म्हणाली. मी जेवलो." मग चष्म्याची काडी मिटून, "त्या मधल्या तीन रेघा मी अंदाजानं मारल्या होत्या."

"माहीत आहे."

"चौदाची जरा जास्तच वर गेली."

"हो. मी चौदाला तेवढी नव्हते."

दिवा गेला. ती बटण चाचपायला वळली तर अंधारातून त्यांचा हात आला, डावा, जपून ठेवलेला, आणि तिच्या मनगटावर बसला. "राहू दे," ते म्हणाले. "उजेडात नाही जमायचं. कुठून सांगू? शेवटापासून, की पहिल्यापासून?"

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. पर्स बाजूला ठेवली.

"बारापासून सांगा," ती म्हणाली.